२६ टक्क्यांवरून ५९ टक्के: अहवालात लिहू का?

विश्वामित्रीकाठची | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही नाइलाजाने.

आमचा ट्रस्ट अगदी लहान. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांमध्ये संध्याकाळचे तीन अभ्यासवर्ग चालवतो. तिसरी-चौथीची मुलं, बहुतेक नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतली. मानधनावर चार बेन (इथे शिकवणाऱ्या ताईंना बेनच म्हणतात), वर मी, आणि हिशेबाला मामेभाऊ. वर्षाचा खर्च साडेसहा लाखांच्या घरात. त्यातले तीन लाख एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी कायद्याने खर्चायच्या पैशातून, येतात.

आतापर्यंत अहवाल म्हणजे इतके वर्ग, इतकी मुलं, इतक्या वह्या आणि चार फोटो. यंदा कंपनीत नवीन साहेब आलेत. त्यांनी २७ रकान्यांची एक्सेल पाठवली. आउटपुट वेगळं, आउटकम वेगळं, इम्पॅक्ट वेगळा. एक रकाना तर 'लाभार्थी कुटुंबाच्या उत्पन्नातील वाढ' असा आहे. नऊ वर्षांच्या पोराला जोडाक्षरं वाचता यायला लागली म्हणून त्याच्या बापाची भाजीची हातगाडी जास्त कशी चालणार, हे काही मला उमगलं नाही.

माझ्याकडे धड अशी एकच गोष्ट आहे. गेल्या जूनमध्ये आमच्या एका बेनने हट्टाने प्रत्येक मुलाला शेजारी बसवून वाचायला लावलं होतं. 'असर' म्हणून मुलांच्या वाचन-गणिताची देशभर पाहणी होते, त्यांचा कागद असतो ना, अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, तोच, गुजरातीतला. मार्चमध्ये पुन्हा तेच केलं. एका केंद्राचे आकडे असे: जूनमध्ये ३४ पैकी ९ मुलं उतारा वाचत होती, मार्चमध्ये २२ पैकी १३. म्हणजे २६ टक्क्यांवरून ५९! हेच मोठ्या अक्षरांत लिहून पाठवू का? आणि उरलेल्या रकान्यांचं काय करू? (त्याआधीच्या वर्षांचं काही मागू नका. २०२४ च्या पुरात रजिस्टरं भिजून लगदा झाली.)

ताळेबंद | १२ एप्रिल, रात्री १०:१५

आधी भीती घालवतो. कंपन्यांच्या सीएसआरला 'इम्पॅक्ट असेसमेंट'ची, म्हणजे परिणाम तपासण्याची, सक्ती २०२१ च्या नियमबदलांनी आली, पण ती कोणाला? ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन गेल्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिला. तेही ज्या प्रकल्पाचा खर्च १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे आणि जो संपून किमान वर्ष झालंय, त्याचं. आणि ते त्रयस्थ संस्थेकडून करवायचं काम कंपनीचं, तुमचं नव्हे. तुमचे तीन लाख या चाळणीत कुठेच येत नाहीत. ती एक्सेल म्हणजे साहेबांची हौस आहे, नाहीतर मोठ्या प्रकल्पाचा तक्ता जसाच्या तसा तुम्हाला चिकटवला आहे. फोन करून विचारा, बहुतेक दुसरंच खरं निघेल.

एक मात्र जपा. त्या तक्त्यात मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे फोन असले रकाने असतील तर भरू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. क्रमांक द्या, नाव नको.

उलटतपासणी | १२ एप्रिल, रात्री ११:०२

मला या सगळ्याचाच वैताग येतो. बाई संध्याकाळी वस्तीत जाऊन पोरं शिकवतात, आणि एसीत बसलेला माणूस विचारतो, परिणाम दाखवा! सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा कोणी त्यांच्याकडे २७ रकाने मागितले होते? काही गोष्टी चांगल्या असतात म्हणूनच करायच्या. कळकळ मोजायला फूटपट्टी निघालेली नाही. ५९ टक्के लिहा, पाठवा, मोकळ्या व्हा.

कमाटीबागेतला | १३ एप्रिल, सकाळी ६:२०

ताई, ३४ आणि २२. मधली १२ मुलं कुठे आहेत?

विश्वामित्रीकाठची | १३ एप्रिल, दुपारी १:०५

काका, ती सोडून गेली. वस्तीत दर वर्षी असंच होतं. काही कुटुंबं कामासाठी आलेली असतात, काम संपलं की दाहोदकडे परत जातात. मार्चमध्ये जी होती त्यांचीच चाचणी घेतली.

कमाटीबागेतला | १३ एप्रिल, रात्री ८:३०

मी ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे खोड जात नाही. आज एवढंच करा. जी २२ मुलं टिकली, त्यांतली किती जूनमध्येच उतारा वाचत होती, ते वहीत बघून सांगा.

विश्वामित्रीकाठची | १३ एप्रिल, रात्री ९:५५

आठ. २२ पैकी ८. आणि गेलेल्या १२ पैकी फक्त एक.

आत्ता हे टाइप करतानाच पोटात गोळा आला.

कमाटीबागेतला | १४ एप्रिल, सकाळी ६:४५

गोळा येऊ देऊ नका. बहुतेक संस्थांना हे कधी दिसतच नाही, तुम्हाला एका रात्रीत दिसलं.

झालं काय ते सरळ मांडतो. टिकलेल्या मुलांत वाचणारी ८ ची १३ झाली. पाच मुलं पुढे सरकली. ही तुमची खरी कमाई, आणि ती लहान नाही. पण २६ वरून ५९ या उडीतला बराच भाग कच्ची मुलं निघून गेल्यामुळे आपोआप आला. समजा तुम्ही वर्षभर काहीच शिकवलं नसतं आणि हीच १२ मुलं गेली असती, तरी टक्केवारी २६ वरून ३६ झालीच असती. उसाच्या गुऱ्हाळात चिपाडं बाजूला काढून ढीग गोड झाला म्हणण्यासारखं आहे हे.

आणि टक्के तर लिहूच नका. २२ मुलांत दोन मुलं म्हणजे नऊ टक्के. एखाद्या दिवशी दोघं तापाने आली नाहीत तर तुमचा 'परिणाम' बदलतो. शंभराच्या आत माणसं असतील तर माणसंच मोजावीत.

दुसरी गोम. वर्गात तुम्ही मुलं घेता ती मागे पडलेली, बरोबर? ताप १०३ असतो तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. पुढे तीन दिवसांत तो उतरतो, थोडा औषधाने, थोडा त्याच्या मुदतीने. मूल सर्वांत खाली असताना पकडलं की पुढच्या खेपेला ते जरा वर दिसणारच. शिवाय नऊ महिने शाळा चालूच होती, ती अगदीच काही शिकवत नाही असं नाही.

उलटतपासणी | १४ एप्रिल, सकाळी ९:१०

म्हणजे काका, बाईंनी केलं ते सगळं शून्य? वर्षभर राबल्यावर हेच ऐकायचं?

बेनची_चप्पल | १४ एप्रिल, सकाळी ११:४८

शून्य कोण म्हणालं, भाई? पाच पोरं वाचायला लागली ना.

मी वस्तीतच काम करते, दुसऱ्या संस्थेत, आरोग्याचं. माझा अनुभव सांगते. चाचणी कोण घेतं ते बघा. आमच्याकडे पण शिकवणारी बेन स्वतःच तपासायची. आपलीच मुलं, आपलाच मोह. तिने बोट ठेवलं की पोरगं पुढचं ओळखतं. आणि तोच उतारा जून-मार्च दोन्हींत ठेवला असेल तर पाठ झालेला असतो. एका मुलाने आमच्याकडे पान उलटल्यावर पण पुढचं वाक्य म्हणणं चालूच ठेवलं होतं! या केंद्राच्या बेनने त्या केंद्राची मुलं तपासायची, आणि उतारा वेगळा. खर्च काहीच नाही, फक्त रिक्षाभाडं.

दांडियाबाजार | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

अवांतर: असल्या मोजमापाचा मोठा प्रयोग आपल्या बडोद्यातच झाला होता ना? नोबेलवाल्या बॅनर्जींचा? त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर, म्हणजे अर्धं नोबेल आपलंच. :-) बाकी चालू द्या, मी सेव उसळ खायला निघालो.

कमाटीबागेतला | १५ एप्रिल, सकाळी ७:००

अवांतर नाही, धाग्याचा गाभा आहे तो. थोडं लांबण लावतो, चहा घेऊन वाचा.

'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा बालसखी कार्यक्रम. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिला महिना ५०० ते ७५० रुपये. तिने तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं शाळेच्या वेळेतच दोन तास बाजूला घेऊन बसायचं आणि अक्षर-अंकांपासून सुरुवात करायची. बडोदा आणि मुंबई इथल्या महापालिकेच्या शाळांत २००१ ते २००३ दरम्यान हे अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी तपासलं. त्यांचा निबंध २००७ मध्ये छापून आला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामाच्या पद्धतीसाठी.

उलटतपासणींचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: निम्म्या पोरांना मुद्दाम वंचित ठेवलं का? नाही. इथे बडोद्यात मांडणी सुरेख होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची दोन गटांत वाटणी केली. एका गटात पहिल्या वर्षी बालसखी तिसरीला, दुसऱ्या गटात चौथीला. पुढच्या वर्षी उलट. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, आणि तरी तिसरीची तिसरीशी तुलना करता आली.

निकाल? पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ. मराठीत सांगायचं तर शंभर मुलं गुणांनुसार रांगेत उभी केली, तर मधोमध उभं असलेलं मूल दुसऱ्या वर्षाअखेर अकराएक जागा पुढे. फायदा झाला तो बालसखीकडे बसलेल्या मुलांना. ती बाहेर गेल्यामुळे वर्ग लहान झाला, पण मागे राहिलेल्यांना त्याचा उपयोग झालेला दिसला नाही. बडोद्यात याच काळात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते, त्यात दुसऱ्या वर्षी ०.४७ इतकी वाढ गणितात दिसली.

आता जे फारसं कोणी सांगत नाही ते. कार्यक्रम थांबल्यावर वर्षाने पुन्हा तपासलं तेव्हा बराचसा फायदा ओसरला होता, ०.१० च्या आसपास उरला. त्या रांगेत चारेक जागा. लेखकांनी हे लपवलं नाही, निबंधात लिहिलं. म्हणून मला त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

ताई, तुम्ही तीन वर्गांत असा प्रयोग करायला जाऊ नका. त्याला शंभरावर शाळा लागल्या होत्या. तुमच्या आकाराला एक ओबडधोबड युक्ती सांगतो. येत्या जूनमध्ये चौथीत जी नवी मुलं दाखल होतील, त्यांना पहिल्या दिवशी वाचायला लावा. तुमच्याकडे तिसरी करून चौथीत गेलेली मुलंही त्याच आठवड्यात वाचतील. वस्ती तीच, शाळा त्याच, वय तेच. फरक एका वर्षाच्या तुमच्या वर्गाचा. अगदी शुद्ध तुलना नाही, कारण टिकणारी मुलं मुळातच वेगळी असू शकतात. पण २६-५९ पेक्षा कितीतरी प्रामाणिक.

आणि महाराजांबद्दल: त्यांनी सक्तीचं शिक्षण एकदम राज्यभर लावलं नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं, मग १९०६ मध्ये सगळीकडे. तेरा वर्षं बघितलं त्यांनी.

उलटतपासणी | १५ एप्रिल, सकाळी १०:२०

अमरेलीचं माहीत नव्हतं. दंडवत. वैताग मात्र कायम आहे.

ताळेबंद | १५ एप्रिल, सकाळी ११:३५

काका म्हणतात ते ठीक, पण देणगीदाराला पाच मुलांचा आकडा दाखवला तर तो म्हणेल, तीन लाखांत पाच? मुलामागे साठ हजार? हा भागाकार ते करतातच, मी बैठकींत पाहिलंय. तयारी ठेवा.

कमाटीबागेतला | १५ एप्रिल, रात्री ८:१०

भागाकार चुकीचा आहे. तीन लाख तिन्ही केंद्रांना आहेत, आणि जे मूल अक्षरांवरून शब्दांवर आलं ते 'उतारा' या रेषेच्या खालीच राहिल्यामुळे मोजलं गेलं नाही. एकच रेषा आखली की तिच्या आसपासची मुलंच दिसतात. चारही पायऱ्यांवर किती मुलं जूनमध्ये होती आणि किती मार्चमध्ये, हे टिकलेल्या मुलांसाठी मांडा. मोहाचा धोकाही सांगतो. रेषा एकच ठेवली की बेन नकळत रेषेलगतच्या मुलांवर मेहनत घेतात आणि तळाची मुलं तळाशीच राहतात.

विश्वामित्रीकाठची | २४ एप्रिल, रात्री १०:३०

बरेच दिवस गायब होते. त्या बारा मुलांना शोधत होते.

रजिस्टर घेऊन घरोघर गेले, सोबत एक बेन. लाज वाटली खरं सांगायचं तर. ही मुलं ऑक्टोबरपासून येत नव्हती आणि आम्ही नावापुढे रेघ मारून गप्प बसलो होतो.

चार कुटुंबं खरोखरच गावी गेलीत, शेजाऱ्यांनी सांगितलं. एक मुलगा दुसऱ्या ट्युशनला जातो. दोघांना धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं, आई संध्याकाळच्या घरकामाला जाते. आणि पाच मुली. पाचही जणी दिवाळीनंतर बंद झाल्या. मी आधी म्हटलं, लग्नसराई, पाहुणे, तसलं काही असेल. एकीच्या आजीने मला जवळजवळ झापलंच. म्हणाली, "बेन, तुम्ही साडेसातला सोडता. नाळ्यापाशी दिवा नाही. मुलीला कोण आणणार?"

आमचा वर्ग सहा ते साडेसात. जूनमध्ये साडेसातपर्यंत उजेड असतो, म्हणून ती वेळ आम्हाला बरी वाटली होती. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. सहा वर्षं हे वर्ग चालवतेय, आणि मुली हिवाळ्यात कमी होतात हे मला माहीत होतं. माहीत म्हणजे काय, 'वस्तीत असंच असतं' हे माहीत होतं.

त्याच मुलींनी सुचवलं: शाळा दुपारची आहे, सकाळी नऊला का नाही घेत?

बेनची_चप्पल | २४ एप्रिल, रात्री १०:५२

नाळ्यापाशी दिवा नाही. हे एक वाक्य त्या २७ रकान्यांत कुठे बसणार सांगा.

आमच्याकडे गोष्टी जमवायची एक रीत वापरतात, 'सर्वांत महत्त्वाचा बदल' विचारायची. रिक डेव्हिस म्हणून आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशात बसवलेली. प्रत्येकाला एकच विचारायचं, गेल्या काही महिन्यांत तुमच्या मते सर्वांत मोठा बदल कोणता आणि तोच का. मग त्या गोष्टी सगळ्यांनी बसून वाचायच्या आणि निवडायच्या, आणि का निवडलं ते लिहून ठेवायचं. फक्त गोड गोष्टी निवडल्या तर ती जाहिरात होते. म्हणून सोडून गेलेल्यांना पण विचारायचं. तुम्ही न ठरवता तेच केलं, ताई.

कमाटीबागेतला | २५ एप्रिल, सकाळी ६:३०

मी आकड्यांचा माणूस, पण कबूल करतो: बारा जण गेले हे आकड्याने सांगितलं, का गेले हे आजीने सांगितलं. दोन्ही नसती तर वेळ बदलली नसती.

आता मोजायची यादी छोटी करा. प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा, हा आकडा वाईट आला तर मी सोमवारी काय वेगळं करीन? उत्तर नसेल तर रकाना काढा. उत्पन्नाचा रकाना त्याच कसोटीवर पडतो.

विश्वामित्रीकाठची | ९ मे, रात्री ९:१५

साहेबांना भेटून आले. ताळेबंद म्हणाले तसंच निघालं, तो तक्ता त्यांच्या एका मोठ्या प्रकल्पाचा होता आणि त्यांनीही तो नीट वाचलेला नव्हता. मी एका पानावर चार गोष्टी नेल्या: जूनमध्ये किती आली, मार्चपर्यंत किती टिकली, गेलेली का गेली, आणि टिकलेल्यांत कोण कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर गेलं. ५९ टक्के कुठेच लिहिले नाहीत.

'बारा गेली' हे वाचून ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, गेले तीन लाख. मग म्हणाले, दुसऱ्या संस्थांच्या अहवालात कोणी सोडून जातच नाही, सगळ्यांची हजेरी ९५ टक्के. पैसे यंदापुरते कायम आहेत, पुढच्या वर्षीचं 'बघू' म्हणालेत. सकाळच्या वर्गाच्या खोलीचं भाडं मात्र त्यांच्या बजेटात बसत नाही म्हणे. ते आम्हालाच उभं करायचंय.

उलटतपासणी | ९ मे, रात्री ९:४०

खोलीचं भाडं महिना किती? व्यक्तिगत निरोप पाठवा.

विश्वामित्रीकाठची | २८ जून, रात्री ८:५०

धागा वर काढतेय. सकाळचा वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले. पाच मुलींपैकी तिघी परत आल्यात. भावंडांना सांभाळणारे दोघंही येतात, भावंडांना घेऊनच. ती मागे चटईवर पाटीवर रेघोट्या मारतात आणि दर दहा मिनिटांनी कोणाला तरी शू लागते.

चाचणी झाली, या वेळी केंद्रं अदलाबदल करून. परत आलेल्या तिघींपैकी एक गेल्या जूनमध्ये शब्द वाचत होती. आता अक्षरांवर अडते. तिची बेन दिवसभर बोलली नाही माझ्याशी. तिला वाटलं, 'हे माझ्या शिकवण्यामुळे झालं.' चौथीच्या नव्या मुलांची आणि आमच्या जुन्या मुलांची तुलना काकांनी सांगितली तशी करतेय, तिन्ही केंद्रांची वही जुळवायला अजून आठवडा लागेल.

तोवर एक मदत हवी. मार्चसाठी दुसरा उतारा पाहिजे, गुजरातीत, पहिलीच्या पातळीचा, जोडाक्षरं नसलेला, चार छोटी वाक्यं. आमचे दोन्ही जुने उतारे मुलांना पाठ झालेत.

दांडियाबाजार | २८ जून, रात्री ९:३०

आमच्या सौ. पालिकेच्या शाळेत पहिलीलाच शिकवतात. आजच लिहून घेतो. विषय काय हवा? पाऊस चालेल का?

विश्वामित्रीकाठची | २८ जून, रात्री ९:३४

पाऊस नको, विश्वामित्रीकाठच्या मुलांना पावसाचं वाक्य अर्ध्यावरच ओळखता येतं. बकरी चालेल.